आत्जेंचे पॅरिस : कागदपत्र की कलाकृती?

पॅरिसमधील आपल्या दारावर यूजेन आत्जे (१८५७–१९२७) ह्यांनी ‘कलावंतांसाठी दस्तऐवज’ अशी पाटी लावली होती. भात्याचा अवजड कॅमेरा आणि १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचा घेऊन ते सुमारे तीस वर्षे शहरभर हिंडले. जुनी दारे, गल्ल्या, दुकाने, फेरीवाले ह्यांची छायाचित्रे चित्रकारांना, ग्रंथालयांना व संग्रहालयांना विकीत राहिले. १९२० साली २,६२१ काचा त्यांनी १०,००० फ्रँकांना फ्रेंच शासनास दिल्या. १९२६ मध्ये मॅन रे ह्यांनी त्यांचे एक छायाचित्र अतिवास्तववाद्यांच्या नियतकालिकासाठी घेतले, तेव्हा आपले नाव न छापण्याची विनंती आत्जे ह्यांनी केली. आपण केवळ कागदपत्रे तयार करतो, अशी त्यांची भूमिका होती.

त्यांच्या मृत्यूनंतर ही भूमिका मागे पडली. मागे राहिलेला संग्रह बेरेनिस अ‍ॅबट ह्यांनी विकत घेऊन वाचविला. १९६८ साली तो न्यूयॉर्कच्या आधुनिक कला-संग्रहालयाकडे गेला. पॅरिसच्या कार्नाव्हाले संग्रहालयाने जे शहराच्या इतिहासाचे साधन म्हणून घेतले होते, ते येथे एका कलावंताची कृती ठरले.

वाल्टर बेन्यामिन ह्यांनी १९३१ साली ह्या निर्मनुष्य रस्त्यांच्या संदर्भात गुन्ह्याच्या स्थळाची आठवण केली. ती मार्मिक आहे. परंतु ही निर्मनुष्यता काही अंशी तंत्राचीही करणी होय. दीर्घ प्रकाशनात चालता माणूस धूसर होतो वा नाहीसा होतो. भिंतीवरचे भित्तिपत्रक मात्र हलत नाही. २९ जुलै १८८१ च्या कायद्याने भित्तिपत्रकांस मोकळीक दिली आणि पांढरा कागद केवळ शासकीय प्रकटनांसाठी राखून ठेवला. छायाचित्रात हा रंगभेद करड्या छटांत मावळतो. तथापि थरावर थर चढलेले, फाटलेले कागद तेथे लोकव्यवहाराची साक्ष देतच असतात. माणसे दिसत नाहीत, पण त्यांना उद्देशून केलेले बोलणे दिसते.

ही साक्ष वाचावयाची, तर ठिकाण, काळ आणि मालिकेतील क्रमांक हाताशी हवेत. सुंदर चौकटीत एकटे टांगलेले छायाचित्र डोळ्यांस सुखविते, परंतु त्यातील भित्तिपत्रक तेथे निव्वळ पोत होऊन बसते. आपल्या शहरांची जुनी छायाचित्रे ग्रंथांत शोभेसाठी छापताना संपादकांनी एवढे तरी पथ्य पाळावे : आत्जेंना कलावंत जरूर म्हणावे, पण त्यांच्या दारावरची पाटी काढू नये.