रत्नागिरी जिल्ह्यातील दूरचित्रवाणी सेवा

रत्नागिरी जिल्ह्यात दूरचित्रवाणीचे कार्यक्रम घरोघरी पोहोचविणारे तीन मार्ग सध्या प्रचलित आहेत : केबलसेवा, डीटीएच या नावाने ओळखली जाणारी थेट घरपोच उपग्रहसेवा आणि आंतरजाल. चौथा व सर्वांत जुना मार्ग म्हणजे दूरदर्शनचे भूप्रक्षेपण. तो देशभर जवळजवळ बंद झाला आहे. जिल्ह्याची डोंगराळ रचना, विखुरलेल्या वाड्या, वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पडणारा पाऊस आणि चाकरमान्यांची वर्षातील बराच काळ बंद असणारी घरे यांमुळे येथे सेवेची निवड मोठ्या शहरांतल्यापेक्षा वेगळ्या निकषांवर करावी लागते. कोणता संच घ्यावा हेही बऱ्याच अंशी सेवेवरच ठरते. पुष्कळदा मात्र संच आधी घरात येतो आणि तो कशावर चालवायचा याचा विचार मागाहून होतो.

भौगोलिक पार्श्वभूमी

पूर्वेस सह्याद्री आणि पश्चिमेस अरबी समुद्र यांच्यामधील या चिंचोळ्या पट्टीत मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा व राजापूर हे नऊ तालुके आहेत. सपाट भूमी थोडी. डोंगरउतार, कातळाची सडे आणि खाड्या यांनी गावे तुटलेली आहेत आणि एकेका गावाच्या वाड्या एकमेकींपासून दूर वसलेल्या आहेत. दूरचित्रवाणीच्या भूप्रक्षेपणातील लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. त्यामुळे मनोऱ्यापासून जवळ असलेल्या, परंतु डोंगराआड दडलेल्या वाडीला चित्र मिळत नाही आणि दूरच्या सड्यावरील घराला ते स्वच्छ मिळते, असा प्रकार घडतो. तारेने जोडणी करावयाची तर दहा-पंधरा घरांच्या वाडीसाठी खांबांवरून लांबलचक तार ओढावी लागते व ती किफायतशीर ठरत नाही. पुढे उपग्रहसेवेचा खेड्यापाड्यांत जो प्रसार झाला, त्याचे कारण या भूरचनेत आहे.

इतिहास

भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ मध्ये दिल्लीत भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत प्रक्षेपण आले आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे देशभर वेगाने पसरले. जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात प्रक्षेपित झालेल्या ‘रामायण’ मालिकेच्या वेळी वाडीतील एकुलत्या एका संचासमोर सारी वाडी जमत असे. छपरावरील ॲल्युमिनियमच्या कांड्यांचा ॲन्टेना वाऱ्याने फिरला की कोणीतरी वर चढून तो वळवायचा आणि खालच्यांनी ‘आले, आले’ म्हणून ओरडायचे, हा त्या पिढीचा सार्वत्रिक अनुभव होय.

१९९१ च्या आखाती युद्धानंतर देशात केबलद्वारे परदेशी उपग्रहवाहिन्या दिसू लागल्या. मुंबई दूरदर्शनची उपग्रहावरील मराठी वाहिनी १९९४ मध्ये सुरू झाली. तिला २००० साली ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले. ‘अल्फा टीव्ही मराठी’ (पुढे झी मराठी) १९९९ मध्ये आणि ‘ईटीव्ही मराठी’ (पुढे कलर्स मराठी) २००० मध्ये आली. या दोन खाजगी मराठी वाहिन्यांमुळे केबल ही शहरी चैन न राहता मराठी घराची गरज झाली.

दूरदर्शनने आपले जुन्या पद्धतीचे भूप्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद केले. मोक्याच्या स्थळांवरील सुमारे पन्नास प्रक्षेपक वगळता उर्वरित सर्व ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे धोरण होते. मुंबईसारख्या काही महानगरांत भूप्रक्षेपणाची अंकीय आवृत्ती सुरू झाली असली, तरी कोकणातील खेड्यांत छपरावरचा ॲन्टेना आता केवळ कावळ्यांना बसण्याच्या उपयोगाचा उरला आहे.

केबलसेवा

केबलव्यवसायाचे नियमन १९९५ च्या केबल दूरचित्रवाणी जाळे (नियमन) अधिनियमाने होते. २०११ च्या दुरुस्तीने अंकीय प्रक्षेपण सक्तीचे झाले व सेट-टॉप बॉक्स अनिवार्य ठरला. हा बदल चार टप्प्यांत झाला. पहिल्या टप्प्यात मुंबईसह चार महानगरे होती. रत्नागिरी, चिपळूण, खेड यांसारखी नगरपालिकांची शहरे तिसऱ्या व ग्रामीण भाग चौथ्या टप्प्यात आला. या शेवटच्या टप्प्याची वाढवून दिलेली मुदत ३१ मार्च २०१७ ही होती.

देयकाच्या पद्धतीत मोठा बदल भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, केला. फेब्रुवारी २०१९ पासून ग्राहकाने हव्या त्या वाहिन्या स्वतः निवडाव्यात, प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत जाहीर असावी आणि जोडणीचे मूळ शुल्क १०० वाहिन्यांसाठी कमाल १३० रुपये असावे, असे ठरले. करासह ते १५३ रुपये ४० पैसे होई. २०२० मध्ये त्याच शुल्कात २०० वाहिन्या देणे बंधनकारक झाले. जुलै २०२४ मध्ये मूळ शुल्कावरील ही कमाल मर्यादा काढून टाकण्यात आली. त्यामुळे शेजारच्या घराचे देयक किती येते यावरून आपले देयक ठरविता येत नाही. वाहिन्या एकेक निवडण्याचा अधिकार आजही कायम आहे. तरीही तयार पुडक्यात न पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्यांचे पैसे भरणारे ग्राहक कमी नाहीत. चार मराठी वाहिन्या, दोन वृत्तवाहिन्या आणि क्रिकेटपुरती एखादी, एवढीच यादी कागदावर मांडून पाहिली तरी फरक ध्यानात येतो.

केबलचे दोन गुण मात्र अन्य सेवांत आढळत नाहीत. पहिला, स्थानिक वाहिनी : गावातील पालखी, शिमगोत्सव, शाळेचे संमेलन, नगरपालिकेच्या पाण्याची सूचना हे सारे तिच्यावरच दिसते. दुसरा, बिघाड झाल्यास केबलवाला ओळखीचा असतो व घरी येतो. दोष म्हणजे तार खांबावरून जाते आणि वाटेतील प्रवर्धकांना वीज लागते. घरात इन्व्हर्टर असला, तरी मधल्या खांबावरची वीज गेली की चित्र जाते.

थेट घरपोच उपग्रहसेवा

या सेवेत उपग्रहाकडून येणारी लहर घराच्या छपरावरील लहान तबकडीवर, म्हणजे लोकांच्या बोलीतील ‘छत्री’वर, थेट घेतली जाते. मध्ये तार नाही, खांब नाही. त्यामुळे एकाकी घरालाही शहराइतकेच चांगले चित्र मिळते. देशात खाजगी सेवा २००३ मध्ये डिश टीव्हीने सुरू केली. टाटा स्काय (२०२२ पासून टाटा प्ले) २००६ मध्ये व एअरटेलची सेवा २००८ मध्ये आली. या सेवांचे पैसे आगाऊ भरावे लागतात. एका कंपनीचा सेट-टॉप बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या सेवेला चालत नाही. सेवा बदलणे म्हणजे व्यवहारात नवा बॉक्स घेणे.

डीडी फ्री डिश

प्रसार भारतीची ही निःशुल्क सेवा १६ डिसेंबर २००४ रोजी ३३ वाहिन्यांसह ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली. छत्री व बॉक्स यांचा एकदाच होणारा खर्च सोडला, तर तिला मासिक शुल्क नाही. डीडी सह्याद्री व दूरदर्शनच्या इतर वाहिन्या तिच्यावर कायम असतात. खाजगी वाहिन्यांना लिलावाने जागा मिळते, म्हणून त्यांची यादी बदलत राहते. गाजणाऱ्या मालिकांच्या सशुल्क मराठी वाहिन्या सामान्यतः तिच्यावर मिळत नाहीत आणि फ्री डिश घेऊन निराश होणाऱ्यांच्या तक्रारीचे हेच मुख्य कारण असते. काही वाहिन्या एमपेग-४ या नव्या पद्धतीने येतात. जुन्या एमपेग-२ बॉक्सवर त्या दिसत नाहीत.

क्रिकेटच्या बाबतीत या सेवेला एक कायदेशीर लाभ आहे. २००७ च्या अधिनियमानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला उपलब्ध करून द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये असा निर्णय दिला, की हे प्रक्षेपण दूरदर्शनच्या भूप्रक्षेपणावर व तिच्या निःशुल्क उपग्रहसेवेवरच दाखविता येईल. म्हणून जो सामना फ्री डिशवर दूरदर्शनच्या वाहिनीवर दिसतो, तोच सामना केबलवर त्याच वाहिनीवर दिसत नाही.

फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. रत्नागिरीहून तो आग्नेय दिशेस, क्षितिजापासून सुमारे ५९ अंश उंचीवर येतो. म्हणजे माड-पोफळींच्या आगरातील घरानेही आग्नेयेकडचे उंच आकाश मोकळे आहे का, एवढेच पाहावयाचे असते. माडाची झावळी मात्र वर्षागणिक वाढते. एप्रिलमध्ये उत्तम चालणारी छत्री दोन वर्षांनी अडते ती बहुधा यामुळे. येथे एक गैरसमज नोंदविण्याजोगा आहे. घरगुती छत्रीची रचना तिरकस असल्यामुळे ती दिसते त्यापेक्षा बरीच उंच ‘पाहत’ असते. समोरचे झाड आड येते की नाही हे छत्रीच्या तोंडाच्या सरळ रेषेवरून ठरवू नये.

पावसाळ्यातील व्यत्यय

घरगुती उपग्रहसेवा ‘केयू’ पट्ट्यातील लहरींवर चालते. या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असल्याने दाट पावसाच्या थेंबांत त्या शोषल्या व विखुरल्या जातात. जून-जुलैत मुसळधार सरीबरोबर पडद्यावर ‘सिग्नल नाही’ अशी सूचना झळकते आणि सर ओसरताच चित्र परत येते. हा बिघाड नव्हे. केबलचालकाच्या केंद्रावरील मोठ्या तबकड्या सहसा ‘सी’ पट्ट्यावर चालतात. त्यातील लहरी जवळजवळ तिप्पट लांब असून पावसाने फारशा क्षीण होत नाहीत. नेहमीपेक्षा मोठी, ९० सेंटिमीटरची छत्री बसविणे आणि मे महिन्यात तिची दिशा नेमकी जुळवून घेणे, या दोन उपायांनी व्यत्यय कमी होतो, संपत नाही. किनाऱ्यावरील खाऱ्या हवेने जोडणीचे टोक गंजते, त्यावर जलरोधक पट्टी गुंडाळणे हा तिसरा व सर्वांत स्वस्त उपाय. वळवाच्या विजा चमकू लागल्या की वीजजोडणीबरोबर छत्रीची तारही संचापासून काढून ठेवावी.

आंतरजालावरील सेवा

२०१६ नंतर भ्रमणध्वनीवरील आंतरजाल स्वस्त झाले व ओटीटी मंचांचा प्रसार झाला. मराठीत झी५ (२०१८) व प्लॅनेट मराठी (२०२१) हे मंच आले. प्रसार भारतीचा ‘वेव्हज’ हा मंच नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील चित्रपट महोत्सवात सुरू झाला. ऑप्टिकल तंतूची जोडणी असलेल्या शहरी घराला केबल सोडून देणे आता शक्य आहे. एचडी चित्रासाठी सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट वेग पुरतो व तासाला ३ गिगाबाइटपर्यंत विदा खर्च होते. भ्रमणध्वनीच्या दैनिक मर्यादेवर दूरचित्रवाणी पाहणाऱ्या कुटुंबाची मर्यादा म्हणूनच एका संध्याकाळीही टिकत नाही. शिवाय अनेक मंचांची वर्गणी एकत्र केली, तर ती केबलच्या देयकाहून अधिक होऊ शकते.

वयोवृद्धांच्या घरी हा मार्ग अडचणीचा ठरतो. मुले मुंबईला, आईवडील गावी, अशा घरात स्मार्ट संच बसवून मुले परत जातात. पुढे एखादा परवलीचा शब्द पुन्हा विचारला गेला की संच महिनोन्महिने मुका राहतो. एक कळ दाबताच वाहिनी लागणे ही सोय क्षुल्लक नाही. उलट, गणपती, शिमगा व मे महिना एवढ्यापुरतीच उघडणारी घरे मासिक सेवेचे पैसे विनाकारण भरतात. त्यांना फ्री डिश किंवा येताना सोबत आणलेला भ्रमणध्वनी पुरेसा असतो.

आपत्तीच्या काळातील स्थिती

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड व दापोली तालुक्यांत विजेचे खांब व झाडे मोठ्या प्रमाणावर कोसळली आणि वीज व दूरध्वनी अनेक दिवस खंडित राहिले. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले आणि २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीच्या पुराने चिपळूण शहर बुडाले. अशा वेळी तारेवर किंवा मनोऱ्यावर अवलंबून असलेली केबल व आंतरजाल ही साधने प्रथम निकामी होतात. छत्री जागेवर राहिली, तर उपग्रहसेवा इन्व्हर्टरवर चालू शकते; ३२ इंची एलईडी संच व बॉक्स यांना मिळून साधारण ५० ते ६० वॅट वीज पुरते. मात्र वादळातील पावसात उपग्रहसेवाही जाते. बॅटरीवर चालणारा रेडिओ आणि आकाशवाणीचे रत्नागिरी केंद्र यांचे स्थान त्यामुळे दूरचित्रवाणीने अद्याप घेतलेले नाही. मासेमारी करणाऱ्या गावांना हे सांगावे लागत नाही.

संचाची निवड

बाजारातील संच आता एलईडी प्रकाशाचे एलसीडी वा त्याहून महाग ओएलईडी प्रकारचे असतात. कर्णाची लांबी इंचात बोलली जाते, वेष्टनावर सेंटिमीटरही असतात : ३२ इंच म्हणजे सुमारे ८० व ४३ इंच म्हणजे सुमारे १०८ सेंटिमीटर. ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे मोठ्या संचांकडे ओढा वाढणे साहजिक आहे.

तथापि चित्राचा दर्जा संचाआधी सेवेवर ठरतो. फ्री डिश व केबलवरील सामान्य वाहिन्यांच्या चित्रात ५७६ ओळी असतात, फुल एचडीत १०८०, तर ४के पडद्यावर २१६०. थोड्या ओळींचे चित्र मोठ्या ४के पडद्यावर ताणले की ते धूसर दिसते. नव्या संचात दोष आहे म्हणून दुकानदाराशी होणारे तंटे बरेचदा या कारणाने होतात. केवळ फ्री डिश पाहणाऱ्या व दहा फूट लांबीच्या माजघरात बसणाऱ्या कुटुंबास ३२ इंची संच पुरेसा आहे. एचडी वाहिन्या किंवा तंतूवरील आंतरजाल असेल, तर त्याच खोलीत ४३ इंची फुल एचडी वा ४के संच शोभतो.

अंगभूत उपग्रह ग्राहक असलेल्या संचांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १८११२ हे मानक २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा संचाला छत्रीची तार थेट जोडता येते व निःशुल्क वाहिन्यांसाठी वेगळा बॉक्स लागत नाही. खरेदीपूर्वी ही सोय आहे का, ऊर्जा कार्यक्षमतेचे तारे किती, आणि दुरुस्तीला माणूस तालुक्याच्या गावाहून येतो की कोल्हापूरहून, हे विचारून घेणे हिताचे. वीजदाब खालीवर होणाऱ्या वाड्यांत स्थिरक लावणे अजूनही उपयुक्त आहे.

जुने संच

काचेच्या नळीच्या जुन्या संचांतील काचेत शिसे असते. ते फोडून तांबे काढणे आरोग्यास व जमिनीस घातक आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा संचांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. जिल्ह्यात मात्र असे पुष्कळ संच अद्याप माळ्यावर पडून आहेत.