यकृताची उभारी आणि पितळेचे पातेले

तोडलेल्या झाडाला पुन्हा धुमारे फुटतात, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला सांगावयास नको. आपल्या शरीरात हा गुण एका अवयवाने विशेष राखला आहे. तो म्हणजे यकृत. १९३१ साली हिगिन्स व अँडरसन ह्या संशोधकांनी उंदरांच्या यकृताचा सुमारे दोन-तृतीयांश भाग काढून टाकला, तरी उरलेला भाग थोड्याच दिवसांत वाढून पूर्वीच्या वजनाला आला.

ही वाढ कोणाच्या हुकमाने होते? १९८४ साली जपानमध्ये तोशिकाझू नाकामुरा व त्यांचे सहकारी ह्यांना अशा उंदरांच्या रक्तद्रवात यकृतपेशींना वाढीस लावणारे एक प्रथिन सापडले. त्याला 'हेपॅटोसाइट ग्रोथ फॅक्टर' म्हणतात. १९८९ साली त्याचे मानवी जनुक हाती आले. ते दुसऱ्या पेशींत बसवून हेच प्रथिन प्रयोगशाळेत तयार होऊ लागले. जपानमध्ये मोजक्या रुग्णांवर चाचणीही झाली. परंतु यकृताच्या नेहमीच्या उपचारात ते अद्याप आलेले नाही. वाढीचा हाच हुकूम कर्करोगाच्या पेशीही मानतात, ही त्यातली एक मोठी अडचण.

मग तोवर हातावर हात ठेवून बसावयाचे काय? पुण्याचा इतिहास तसे सांगत नाही.

आपल्या देशात लहान मुलांना यकृताचा एक घातक आजार होत असे. पोट फुगे, यकृत दगडासारखे लागे, आणि बहुतेक मुले दगावत. ह्या यकृतांत नव्या पेशींची उभारी फारच थोडी दिसे. तांबे मात्र अतोनात साचलेले असे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर ह्यांनी ह्या मुलांच्या घरातली चूल पाहिली. तान्ह्या मुलांना लवकरच वरचे दूध सुरू होई, आणि ते तापविले व ठेवले जाई तांब्यापितळेच्या भांड्यांत. दुधातले केसीन तांबे धरून ठेवते. हा संबंध त्यांनी १९८३ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडला. पेनिसिलामीन ह्या तांबे बाहेर काढणाऱ्या औषधाने, वेळीच दिल्यास, काही मुले वाचलीही. पुढे घरोघर स्टेनलेस स्टील आले आणि हा आजार विरळ झाला.

ह्यात आयांचा दोष नव्हता. घासूनपुसून लखलखीत ठेवलेले भांडे विषारी ठरेल, हे त्यांना कोणी सांगितले होते?

आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. कामगार खोकू लागला, की औषधाबरोबर कारखान्यातली धूळही मोजा, असा आमचा आग्रह असतो. यकृताचेही तसेच आहे. उभारी देणारे प्रथिन उद्या औषध होवो. आम्ही त्याचे स्वागतच करू. परंतु निसर्गाने दिलेल्या उभारीच्या वाटेतला अडसर दूर करणे आजही आपल्या हाती आहे. तांब्यापितळेची भांडी पुन्हा हौसेने घरात येत आहेत. ती खुशाल येवोत. तान्ह्याचे दूध मात्र त्यांत तापवू नये, ठेवूही नये.