दिव्यांची बॅटरी वेगळी झाली

आपल्या दिंडीचं सामान बैलगाडीवर असे, तेव्हा तळावर कंदील आणि गॅसबत्ती पुरे. पुढे ट्रक आला. मग राहुट्यांतले दिवे, हरिपाठाचा भोंगा, माऊलींचे मोबाईल, सगळा भार ट्रकवरच. त्याच्या १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट होतात. दिव्यांची तार मात्र एकीलाच जोडलेली. तीच उतरायची.

खरी परीक्षा सासवडला. मुक्काम दोन रात्रींचा, गाडी उभीच. जेजुरीला निघायच्या पहाटे ट्रक काही केल्या सुरू होईना. वारकरीच ढकलायला लागत. सामान अडकलं की पुढच्या तळावर चूल पेटत नाही आणि चालून दमलेली म्हातारी माणसं ताटकळतात.

शेवटी मिस्त्रींनी दिव्यांसाठी तिसरी बॅटरी बसवली. हौद्यात शेगडी आणि सिलिंडर. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. म्हणून ती बाहेर, चेसिसला, हवा खेळेल अशा लोखंडी पेटीत. तारेला बॅटरीजवळच फ्यूज. गाडी चालताना २४ चे १२ करणाऱ्या चार्जरवर ती भरते. इंजिन बंद झालं की मूळ बॅटऱ्यांशी संबंध तुटतो.

आता रात्री दिवे मंदावले तरी पहाटे ट्रक निघतो. शंभर वर्षांच्या या हिशेबात त्या पेटीचीही नोंद असावी.