गळालेल्या अक्षराची खूण

गेल्या बैठकीत बचतीचे पैसे जमा झाल्यावर आमच्यातल्या एकीने लेकीची इंग्रजीची वही पुढे केली. ‘डोन्ट’ लिहिताना पोरीने वरची खूण चुकीच्या जागी दिली, म्हणून गुण गेला होता. “मला कळत असतं तर सांगितलं असतं,” ती म्हणाली. आम्ही सगळ्याच गप्प. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. आमच्या वेळी ते पाचवीत यायचं.

म्हणून आज त्या खुणेची गोष्ट.

‘डू नॉट’ भरभर बोलताना ‘नॉट’मधला ओ गळतो आणि ‘डोन्ट’ होतं. गळालेल्या अक्षराच्या जागी वर स्वल्पविरामासारखी खूण येते. तिचं नाव अपॉस्ट्रॉफी. इंग्रजीने ती सोळाव्या शतकात फ्रेंचचं पाहून घेतली. सतराव्या शतकात ‘डोन्ट’, ‘वोन्ट’ असे शब्द लिखाणात दिसू लागले. शिकल्यासवरल्यांना ते खटकले. ‘गलिव्हर’वाले जोनाथन स्विफ्ट यांनी १७१० साली लंडनच्या ‘टॅटलर’मध्ये अशा काटछाटीची टर उडवली. पण लोक बोलायचे थांबले नाहीत.

‘विल नॉट’चं ‘वोन्ट’ का होतं? पूर्वी ‘विल’ला ‘वोल’ असंही म्हणत. तो उच्चार इथे टिकून राहिला. एवढा एक शब्द पाठच करायचा.

आपणही असंच बोलतो की! ‘करते आहे’चं ‘करतेय’, ‘जातो आहे’चं ‘जातोय’. आणि खूण म्हणाल तर ‘सोऽहम्’ आठवा. ‘सः अहम्’ जोडताना ‘अ’ लोपला, त्याची खूण म्हणजे मधला ऽ, अवग्रह.

मुलं बहुधा दोन शब्दांच्या सांध्यावर खूण देतात. ती सांध्यावर नसते, गळालेल्या अक्षराच्या जागी असते. म्हणून आधी दोन्ही शब्द पूर्ण लिहायला लावा: डी, ओ, एन, ओ, टी. मग विचारा, “कोणतं अक्षर गळालं?” मुलाने ते खोडावं आणि तिथेच खूण द्यावी: डी, ओ, एन, खूण, टी. ‘आय ॲम’मध्ये ए गळतो, ‘इट इज’मध्ये दुसरा आय.

हा प्रश्न विचारायला आपल्याला इंग्रजी बोलता यायला हवं असं नाही. वही घेऊन पोराशेजारी बसलं की झालं.