कोणाच्या कानी कोणते पुस्तक?

१९८५ साली अमेरिकेच्या काँग्रेसने अंधांसाठीच्या ग्रंथसेवेच्या अंदाजपत्रकातून नेमके १,०३,००० डॉलर वगळले. ‘प्लेबॉय’ या नियतकालिकाच्या ब्रेल आवृत्तीचा वर्षाचा खर्च तेवढाच होता. १९७० पासून निघणाऱ्या या आवृत्तीत एकही छायाचित्र नव्हते, असण्याचा प्रश्नच नव्हता. होत्या त्या कथा, मुलाखती आणि लेख. लायब्ररी ऑफ काँग्रेसचे प्रमुख डॅनियल बूर्स्टिन यांनी काँग्रेसचा रोख ओळखला आणि आवृत्ती थांबवली. अंध वाचकांची संघटना न्यायालयात गेली.

प्रसंग गमतीचा वाटतो. पण त्यामागचा प्रश्न त्या वेळी अर्धशतक जुना होता. जो वाचक फडताळापाशी जाऊन पुस्तक चाळू शकत नाही, त्याच्यासाठी ते निवडायचे कोणी, आणि कोणाच्या आवडीने?

थॉमस एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ सिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या संभाव्य उपयोगांची यादी प्रसिद्ध केली. अंधांसाठी बोलणारी पुस्तके हा त्यातला एक उपयोग होता. कल्पना उत्तम, साधन मात्र दुबळे. कथिलाच्या पत्र्यावर जेमतेम काही मिनिटांचा आवाज मावे. कादंबरी मावणार कुठून? ही कल्पना पुढे पन्नास वर्षांहून अधिक काळ कागदावरच राहिली.

दरम्यान पहिले महायुद्ध होऊन गेले. लढाईत दृष्टी गमावलेले तरुण घरी परतले. इयन फ्रेझर हा इंग्रज अधिकारी १९१६ मध्ये सोमच्या रणभूमीवर अंध झाला आणि पुढे सेंट डन्स्टन्स या अंध सैनिकांच्या संस्थेचा अध्यक्ष बनला. ब्रेल लिपी लहानपणी शिकलेल्याच्या बोटांना ती सहज वळते. ऐन तारुण्यात किंवा उतारवयात दृष्टी गेलेल्यांपैकी अनेकांना ती साधत नसे. अशा माणसांचे वाचन दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून राही. कोणी वाचून दाखवील तेव्हा, आणि तो निवडील तेच.

अमेरिकेत ३ मार्च १९३१ रोजी प्रॅट-स्मूट कायदा संमत झाला. अंधांच्या पुस्तकांसाठी वर्षाला १,००,००० डॉलर मंजूर झाले, मात्र फक्त प्रौढ अंधांसाठी. शालेय मुलांची तरतूद १८७९ च्या एका कायद्याने आधीच झाली होती, पण ती मुख्यतः पाठ्यपुस्तकांची. मुलांना अभ्यासापलीकडे गोष्टही हवी असते, ही गोष्ट कायद्याच्या नजरेतून निसटली.

रॉबर्ट अर्विन हे स्वतः बालपणापासून अंध. त्यांच्या पुढाकाराने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी तबकडी तयार झाली. एका बाजूवर सुमारे पंधरा मिनिटांचे वाचन बसू लागले आणि १९३४ मध्ये पहिली बोलकी पुस्तके वाचकांच्या घरी पोहोचली. त्या पहिल्या यादीत बायबलमधील स्तोत्रे व शुभवर्तमाने आहेत, स्वातंत्र्याचा जाहीरनामा आहे, शेक्सपिअर आहे. म्हणजे मान्यवरांनी मान डोलवावी असा सगळा ऐवज. आणि त्याच रांगेत पी. जी. वुडहाउस यांचे ‘व्हेरी गुड, जीव्ज’ हे विनोदी पुस्तकही आहे! यादी करणाऱ्यांत कोणीतरी वाचणारा माणूस होता, हे त्या एका नावावरून कळते.

इंग्लंडमध्ये पुढच्याच वर्षी आरंभ झाला. पहिल्या पुस्तकांत जोसेफ कॉनरॅड यांची ‘टायफून’ आणि अगाथा ख्रिस्ती यांची ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ होती. एक समुद्रावरच्या वादळाची, दुसरी खुनाच्या तपासाची. दुसरीची निवड विशेष मार्मिक म्हणावी लागेल. ती कादंबरी सर्वस्वी कथा सांगणाऱ्याच्या आवाजावर उभी आहे. ज्यांनी ती वाचली आहे त्यांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. ‘टायफून’ चार लाखेच्या तबकड्यांत सामावली होती. तिचा एक संच २०१६ मध्ये कॅनडात सापडला, तेव्हा अभ्यासकांना मोठा आनंद झाला.

पण ऐकण्याचे वाचन डोळ्यांच्या वाचनाहून एका बाबतीत फार निराळे. डोळस वाचक कंटाळवाणे पान उलटतो, नकोशा परिच्छेदावरून नजर पुढे नेतो, आणि काय वाचतो आहे ते शेजाऱ्याला दिसू देत नाही. ग्रामोफोन दिवाणखान्यात मोठ्याने बोलतो. कादंबरीतली शिवी आजीबाईंच्या कानी पडते, तशी खेळणाऱ्या नातवाच्याही. त्यामुळे एकच पुस्तक एका घरी आनंदाने ऐकले जाई आणि दुसऱ्या घरून त्याची तक्रार येई. धार्मिक, उपदेशपर साहित्य पुरे असे म्हणणारे होते. शेजारी जे वाचतात तेच आम्हालाही द्या, असे म्हणणारेही होते. दुसऱ्या पक्षाची बाजू अधिक बळकट होती. पुस्तके सरकारी पैशाने निघत असली, तरी दृष्टी गेल्यामुळे कोणाची अभिरुची शाळकरी होत नाही.

वाद आवाजाचाही होता. निवेदकाने पात्रांचे संवाद अभिनय करून म्हणावेत, की साधे वाचावे? अलेक्झांडर स्कोर्बी हे नट १९३७ पासून अंधांसाठी वाचू लागले आणि त्यांनी शेकडो पुस्तके ध्वनिमुद्रित केली. संयमाने, स्वच्छ उच्चारात वाचणारा त्यांचा खर्जाचा स्वर अनेकांच्या घरचा झाला.

मुलांचा प्रश्न सुटायला १९५२ उजाडले. कायद्यातून ‘प्रौढ’ हा शब्द काढला गेला आणि बालवाचकांना गोष्टींच्या तबकड्या मिळण्याची वाट मोकळी झाली. १९६६ मध्ये ज्यांना पुस्तक हाती धरता येत नाही किंवा पान उलटता येत नाही, असे वाचकही या सेवेत आले.

इतक्या भिन्न वयांच्या नि रुचींच्या लोकांसाठी निवड करताना ग्रंथपालांनी शेवटी एक साधा उपाय रूढ केला. सूचीत प्रत्येक पुस्तकाखाली दोन-तीन वाक्यांचा परिचय, बालपुस्तक असल्यास इयत्ता आणि गरजेनुसार एक सूचना: यात कठोर भाषा आहे, हिंसा आहे, शृंगाराची वर्णने आहेत. वगळायचे काहीच नाही, सांगायचे मात्र आधीच. ऐकणाऱ्याला पान चाळता येत नाही, म्हणून कोणीतरी त्याच्यासाठी ते आधीच चाळून ठेवायचे आणि निर्णय त्याच्यावर सोपवायचा.

काँग्रेसने १९८५ मध्ये नेमका हाच निर्णय वाचकाच्या हातून काढून घेतला होता. ऑगस्ट १९८६ मध्ये न्यायाधीश टॉमस होगन यांनी निकाल दिला: मजकूर आवडला नाही म्हणून अंधांपुरती एखादी आवृत्ती बंद करणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणाऱ्या पहिल्या घटनादुरुस्तीचा भंग आहे. ब्रेल ‘प्लेबॉय’ पुन्हा निघू लागले. अर्थात, छायाचित्रांविनाच.