यवरसाच्या आचेची कुळकथा

घरच्या घरी बिअर सिद्ध करणाऱ्यांमध्ये गॅसची शेगडी श्रेयस्कर की विजेची, हा जो वाद आज चालतो, तो वरवर पाहता आपल्या यंत्रयुगाचे अपत्य वाटला, तरी त्यातील दोन्ही पक्षांची कुळे फार जुनी आहेत. एका कुळाची आच भांड्याखाली असते आणि दुसऱ्याची जवाच्या रसाच्या पोटात. आणि त्यांपैकी कोणते पत्करावे याचा निवाडा मद्यकाराच्या रुचीपेक्षा त्याच्या पदरी असलेल्या भांड्यानेच बहुधा केला आहे.

ऑस्ट्रियातील कारिंथिया प्रांताचेच पाहा. तेथील शेतकऱ्यांना धातूची मोठी कढई परवडत नसे, आणि लाकडी पिंप तर जाळावर चढविता येत नाही. म्हणून ते निवडक दगड लाकडांच्या भट्टीत लाल होईतो तापवीत आणि चिमट्याने उचलून मोड आणलेल्या जवाच्या रसात सोडीत. या कामी वाटेल तो दगड उपयोगी पडत नाही, कारण एकाएकी निवताच जो तडकतो तो पिंपात निरुपयोगी ठरतो. तेव्हा ग्रेवॅकीसारखा घट्ट दगडच ते योजीत. तप्त दगडावर रसातील साखर करपून जी धुरकट गोडी उतरे, तिच्यासाठी या ‘श्टाइनबिअर’ची ख्याती होती. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ही रीत तेथे तग धरून होती, हे मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत विलक्षण प्रकरण वाटते.

ज्यांच्याकडे तांब्याची कढई आली त्यांनी जाळ खाली नेला, आणि त्याबरोबर जळणाचा प्रश्न थेट दरबारापर्यंत पोहोचला. लंडनमध्ये लाकूड महागल्यावर मद्यकारांनी दगडी कोळसा जवळ केला. परंतु त्याच्या धुराने एलिझाबेथ राणी त्रस्त झाली, तेव्हा 1578 च्या सुमारास त्यांच्या संघाला वेस्टमिन्स्टरच्या राजवाड्यानजीक केवळ लाकूडच जाळण्याची तयारी दाखवावी लागली. पुढे मोठ्या कारखान्यांनी वाफ स्वीकारली.

घरगुती मद्यकार मात्र कायद्याच्या कचाट्यातून उशिरा सुटला. ब्रिटनमध्ये 1880 पासून लागू असलेली परवान्याची अट 1963 साली उठली, आणि तेथील हौशी लोकांनी प्लॅस्टिकच्या बादलीला भोक पाडून चहाच्या किटलीतील विजेचे कॉइल आत बसविले. प्लॅस्टिकची बादली ही लाकडी पिंपाप्रमाणेच जाळावर न चढणारी, म्हणून आच पुन्हा रसाच्या पोटात गेली. आपल्या न्हाणीघरातील बंबाची नळी ज्या न्यायाने पाण्याच्या मधोमध असते, तोच हा न्याय. अमेरिकेत अध्यक्ष कार्टर यांनी घरगुती बिअरवरील कर उठविणाऱ्या कायद्यावर ऑक्टोबर 1978 मध्ये सही केली. पण तेथील मार्ग निराळा झाला, आणि त्याचे कारण भिंतीतील तारेत आहे. वीस लिटर रस 20 अंशांवरून 100 अंश सेल्सिअसवर न्यायला सुमारे 1.9 युनिट वीज लागते. ब्रिटनच्या घरातील साधी पिन 3 किलोवॉट देते, म्हणजे हे काम, उष्णता वाया जात नाही असे धरल्यास, 37 मिनिटांचे. अमेरिकेतील 120 व्होल्ट, 15 अँपिअरच्या पिनमधून फार तर 1.8 किलोवॉट मिळतात, आणि तेथे तासावर वेळ जाऊन उकळी जेमतेम फुटते. हॉप्स या फुलांचा कडवटपणा रसात उतरण्यास मात्र चांगली तासभर खळखळती उकळी हवी. तेव्हा अमेरिकन मंडळींनी लुइझियानात अंगणामध्ये क्रॉफिश उकडण्यासाठी आणि टर्की तळण्यासाठी जी प्रोपेनची दणकट तिपाई शेगडी वापरात होती, तीच उचलली.

म्हणून नवशिक्याने दुसऱ्याची शेगडी पाहून खरेदी करू नये. आपले भांडे आणि आपल्या घरातील वीजजोडणी आधी तपासावी. विजेचे कॉइल घेणे झाल्यास वॅटचा भार मोठ्या पृष्ठभागावर पसरविणारे घ्यावे, म्हणजे रस करपत नाही. आणि प्रोपेनची शेगडी तर बंद खोलीत कदापि पेटवू नये, कारण तिच्यातून निघू शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास.