गाड्यावर नाव : गोदातीरावरील उतारांच्या इतिहासातील एक प्रश्न

‘कधी गाड्यावर नाव, तर कधी नावेवर गाडा’ ही म्हण दैवाच्या फेऱ्याला उद्देशून वापरली जाते. तिच्या तळाशी असलेल्या प्रत्यक्ष व्यवहाराकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. वस्तुतः म्हणीतील दोन क्रिया सारख्या कष्टाच्या नाहीत. गाडा नावेवर घालावयाचा तर चाके काढावी, साटा वेगळा करावा, आणि तुकड्यातुकड्यांनी तो चढवावा. नावेचे असे तुकडे होत नाहीत. ती अखंड, भिजून जड झालेली अशी चिखलातून ओढावी लागते, आणि तीही चढावर. बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. तेथील उतारांचा इतिहास समजून घेताना हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

किनारपट्टीने हा प्रश्न आपल्या परीने सोडविला होता. कोकणातील कोळी होडी वर घेताना तिच्याखाली आडवे ओंडके घालतो; तळाला चुना व चरबी किंवा मासळीचे तेल यांचा लेप असतो. या लेपामुळे लाकूड कीड्यांपासून वाचते आणि होडीही सहज घसरते. शिवाय तेथे भरती ही मोठी मदतनीस असते. विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीवर गिर्ये येथे खडक खोदून केलेली सुमारे ३५५ फूट लांबीची आरमारी गोदी आहे. भरतीला गलबत आत यावे आणि ओहोटीला ते आपोआप कोरड्यावर बसावे, हे तिचे तत्त्व. माणसांनी उचलावयाचा भार तेथे समुद्रच उचलीत असे.

घर्षणाचे शास्त्रही पुढे बंदरातच वाढले. फ्रेंच अभियंता कूलाँ याने रोशफोर येथील गोदीत लाकडावर लाकूड घासून प्रयोग केले, आणि त्याच्या प्रबंधास १७८१ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे पारितोषिक मिळाले. घर्षण भाराच्या प्रमाणात वाढते, स्पर्शाच्या क्षेत्रफळावर ते फारसे अवलंबून नसते, आणि वस्तू जितका वेळ एका जागी पडून राहते तितकी तिला प्रथम हलविणे कठीण जाते, असे त्याला आढळले. शेवटची गोष्ट रात्रभर काठावर राहिलेली होडी सकाळी ढकलणाऱ्या कोणालाही सांगता आली असती. कूलाँने ती मोजली.

गोदातीरी यांपैकी काय उपलब्ध होते? भरती नाही. खडकाळ, ठाम काठ थोडा. बहुतेक ठिकाणी काळी चिकण माती. ती ओली असता वर पाय निसटतो, पण नावेचा तळ खाली रुतून धरला जातो. वंगण ठाऊक नव्हते असे नाही. तेल व जळक्या गवताची काजळी यांचे वंगण गाडीवान आपल्या आखाला घालीतच होते. परंतु आखावर चालणारे वंगण चिखलावर चालत नाही.

दक्षिणेतील नद्यांनी यावर वेगळा मार्ग काढला. ओढ कमी करता येत नसेल तर भारच कमी करावयाचा. कळकाच्या किंवा वेताच्या सांगाड्यावर बैलाचे कातडे ताणून केलेली गोल टोपलीनाव ही त्याचे उत्तर होय. विजयनगरास आलेल्या पोर्तुगीज डोमिंगो पाइशने सोळाव्या शतकात अनेगुंदीच्या अशा नावांचे वर्णन केले आहे. सतराव्या शतकात ताव्हेर्नियेनेही त्या पाहिल्या. गाड्याही या नावांच्या आधारे पार नेल्या जात, असे तो नमूद करतो. म्हणीचा उत्तरार्ध तो प्रत्यक्ष पाहत होता म्हणावयाचे! पूर्वार्धासाठी हिरोडोटसकडे वळावे लागते. बाबिलोनला उतरणारे व्यापारी गोल चर्मनावेत एक गाढव बरोबर घेत. माल संपला की सांगाडा विकून कातडी गाढवावर लादीत आणि पायी परत जात. नाव जनावरावर चढविण्याची याहून सुटसुटीत रीत शोधून सापडणार नाही.

मोठ्या सैन्यापुढे मात्र ही युक्ती अपुरी पडे. १० ऑगस्ट १७६३ ची राक्षसभुवनची लढाई या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. गेवराई तालुक्यातील हे गाव गोदेच्या दक्षिण काठी आहे. निजाम अली औरंगाबादेकडे निघाला असता स्वतः नदी उतरून पलीकडे गेला. दिवाण विठ्ठल सुंदर फौजेच्या मोठ्या भागासह अलीकडे राहिला. नदीला पूर होता. माधवराव व रघुनाथराव यांनी याच वेळी त्याला गाठले. लढाईत रघुनाथराव वेढला गेला, माधवरावाने त्याची सुटका केली, आणि विठ्ठल सुंदर मारला गेला. धनी पैलतीरी उभा होता. दिवाणाच्या मदतीला त्याला येता आले नाही.

या विजयाचे श्रेय तरुण पेशव्याच्या धडाडीला आणि जानोजी भोसल्याला निजामापासून फोडणाऱ्या मुत्सद्देगिरीला देण्याची प्रथा आहे, आणि ती चुकीची नाही. तथापि त्या दिवशी निजामाची फौज दुभंगली ती पाण्यामुळे. पार जाणे टप्प्याटप्प्याने चालते. प्रत्येक खेपेला नाव काठाशी लागावी, रिकामी व्हावी, पुन्हा पाण्यात लोटली जावी, आणि पुराच्या ओढीने वाहवली म्हणजे काठाकाठाने वर ओढून आणावी. खरा वेळ प्रवाहात कमी आणि काठावर अधिक जातो. ज्या फौजेला हा वेळ मिळत नाही ती काही प्रहरांपुरती दोन फौजा होते. औरंगाबादेचा तह त्याच वर्षी सप्टेंबरात झाला, आणि निजामाला ८२ लक्षांचा मुलूख सोडावा लागला.

चाळीस वर्षांनी आर्थर वेल्स्ली याच नदीवर आला. पावसाळ्यात दक्षिणेच्या नद्या उतरण्यासाठी टोपलीनावा आधीच सिद्ध ठेवाव्या लागतात, हे धोंडिया वाघावरील १८०० च्या स्वारीत त्याने ओळखले होते. ऑगस्ट १८०३ मध्ये त्याने टोके येथे कातड्याने मढविलेल्या टोपलीनावांतून सैन्य गोदापार नेले आणि सप्टेंबरच्या प्रारंभी नदीकाठाने पूर्वेस राक्षसभुवनाच्या परिसरापर्यंत तो सरकला. नदीला पाणी असेतो मराठी घोडदळाला दक्षिणेत हैदराबादच्या मुलखात उतरणे अवघड, आणि आपल्याजवळ नावा असल्याने आपल्याला नाही, या हिशेबावर त्याच्या त्या महिन्यातील हालचाली आधारलेल्या दिसतात. असईची लढाई २३ सप्टेंबरला झाली. १७६३ मध्ये जो काठ निजामाला नडला, तोच १८०३ मध्ये कातड्याच्या नावा बाळगणाऱ्याला उपयोगी पडला.

गावकऱ्यांच्या व्यवहारात भोपळ्यांची सांगड आणि गुळाची काहील ही साधने दीर्घकाळ टिकली. दोन्ही खांद्यावर किंवा बैलगाडीत सहज जातात. पैठणच्या धरणाची कोनशिला १९६५ मध्ये बसली, १९७६ मध्ये ते राष्ट्राला अर्पण झाले, आणि खालच्या पात्रातील पुराचे मान बदलले. पूर मात्र संपले नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये सिंदफणा शिरूर कासारात शिरली. अशा वेळी बचाव पथके ज्या नावा वापरतात त्या हवा भरलेल्या रबराच्या असतात. घड्या घालून त्या वाहनात आणतात, काठावर फुगवितात आणि चार माणसे त्या उचलून पाण्यात ठेवतात.